धावून आल्यावरचा आकडा

आमच्या घरात एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले : ‘घाम गाळणाऱ्याला बीपी होत नाही.’ हे वाक्य माझ्या वडिलांचे. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि निवृत्त होईपर्यंत रोज जाऊन-येऊन १८ किलोमीटर सायकल चालवत होते. अंगाने सडपातळ, सुपारीचेही व्यसन नाही, पहाटे उठून सूर्यनमस्कार. ५५व्या वर्षी एका तपासणीत त्यांचा रक्तदाब जास्त निघाला आणि गोळी सुरू झाली. दोन महिन्यांनी ‘माझे डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला’ असे म्हणून त्यांनीच ती बंद केली. ६१व्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. फळ्यावर मोत्यासारखे अक्षर काढणारे माझे वडील पुढची नऊ वर्षे पेन्शनच्या कागदावर डाव्या हाताने सही गिरवत होते.

हे सगळे डोळ्यांसमोर घडूनही ते वाक्य माझ्या मनातून गेलेले नव्हते, हे मला ४४व्या वर्षी कळले.

मी साताऱ्यात एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. विद्यापीठाच्या संघातून खो-खो खेळले आहे आणि गेली बारा वर्षे नियमित धावते. यवतेश्वर घाट चढून उतरणारी आमची सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ मध्ये सुरू झाली. तिच्यात मी पाच वेळा धावले आहे. त्यामुळे शाळेत शिक्षकांसाठी आरोग्य तपासणी झाली तेव्हा मी रांगेत उभी होते ती निव्वळ औपचारिकता म्हणून. तिथे आकडा आला १५८/९६. मी त्या नर्सबाईंना म्हणाले, “आत्ताच मैदानावरून जिना चढून आलेय, म्हणून असेल.” त्यांनी काही न बोलता आकडा लिहून घेतला आणि घरी मोजत राहायला सांगितले.

मी घरी यंत्र आणलेही आणि रोज मोजलेही. पण मोजत होते ते सकाळचे धावणे संपवून, अंघोळ करून, चहाच्या आधी. तेव्हा सवड असायची. आकडे येत होते १२२/७६, ११८/७४, १२४/७८. तीन महिने ते आकडे मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहीत होते आणि निर्धास्त होते.

हे आकडे खोटे नव्हते, फक्त दिवसातल्या सर्वांत सोयीच्या वेळेचे होते. धावताना पायांच्या स्नायूंतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि धावणे थांबल्यावरही बराच वेळ तशाच सैल राहतात. त्यामुळे व्यायामानंतर काही तास, आणि काही जणांमध्ये जवळजवळ दिवसभर, रक्तदाब नेहमीपेक्षा खाली असतो. व्यायामाचा हा मोठाच लाभ आहे. रोज धावणाऱ्याला तो रोज मिळतो आणि आठवड्यातून एकदाच रविवारी धावणाऱ्याला फारसा मिळत नाही, त्याचे कारणही हेच. मात्र नेमक्या याच वेळी मोजत राहिले, तर उरलेल्या वेळेत हृदयावर, मूत्रपिंडांवर आणि मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांवर काय ताण पडतो आहे ते कधीच दिसत नाही. माझे तेच झाले होते.

माझी एक वर्गमैत्रीण डॉक्टर आहे. दिवाळीत ती घरी आली असताना तिने कॅलेंडर पाहिले आणि विचारले, “अगं, हे सगळे धावून आल्यावरचे का?” मग तिने मला मोजायला शिकवले. ज्या बाईने वीस वर्षे मुलांना नाडी मोजायला शिकवली तिला हे शिकावे लागले, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते. सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन यावे. चहा, व्यायाम आणि गोळी यांच्या आधी खुर्चीत पाठ टेकून, पावले जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे गप्प बसावे. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, बाहीवरून नव्हे. हात टेबलावर असा ठेवावा की पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीवर येईल. मोजताना बोलू नये. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे, संध्याकाळी पुन्हा तसेच, असे सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यावेत, कारण पहिल्या दिवशी मन यंत्राकडेच लागलेले असते, आणि उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढावी. मनगटावर बांधायच्या यंत्रांवर आणि घड्याळांवर विसंबू नये.

माझी सरासरी आली १४९/९३. दवाखान्यात मोजलेला रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, तर तो जास्त धरतात. घरी शांतपणे मोजलेल्या सरासरीची हीच मर्यादा १३५/८५ आहे. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्ये ही रेषा आणखी खाली, १३०/८० वर आणली. कोणतीही रेषा धरली तरी मी तिच्या वरच होते.

इथे मला माझ्यासारख्या सगळ्या धावणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या, तालमीत जाणाऱ्या लोकांना कळकळीने सांगायचे आहे. व्यायामाने रक्तदाब उतरतो, पण त्याच्या उतरण्याला मर्यादा आहे. ज्यांचा रक्तदाब मुळात जास्त आहे त्यांच्यात नियमित चालण्या-धावण्याने वरचा आकडा साधारण पाच ते आठने खाली येतो. हा फरक एखाद्या गोळीच्या तोडीचा आहे आणि तो मुळीच कमी लेखू नये. पण ज्याचा आकडा आई-वडिलांकडून आलेल्या वारशाने, वयाने, मिठाने आणि अपुऱ्या झोपेने १६० वर नेऊन ठेवला आहे, त्याला हे आठ आकडे १५२ वर आणून सोडतात. माझे वडील सायकल चालवत नसते तर त्यांना झटका कदाचित ५६व्या वर्षीच आला असता. सायकलीने त्यांचे रक्षण केले नाही असे मी म्हणत नाही, ते अपुरे पडले एवढेच म्हणते. ‘मला काही होत नाही’ ही भावना तर धडधाकट माणसाला जास्तच फसवते, कारण घाट चढताना ज्याला धाप लागत नाही तो स्वतःला आजारी मानायला तयारच होत नाही. दुखणे अंगावर काढायची आपली सवय, आणि हे तर न दुखणारे दुखणे.

मग मी शहरातल्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांच्या खोलीत मी चार मिनिटे होते. त्यांनी रक्तदाब पाहिला, वय विचारले, वडिलांचा इतिहास ऐकला आणि एक जोडगोळी लिहून दिली. तिच्यात एक औषध बीटा-ब्लॉकर गटातले होते आणि दुसरे लघवी वाढवणारे. आकडा पंधरा दिवसांत १३०च्या घरात आला. औषध चुकीचे नव्हते, पुष्कळ रुग्णांना तेच लागते. पण त्यांनी मला काय काम करता, किती धावता, हे विचारले नाही. मीही सांगितले नाही, कारण डॉक्टरांना बीपी सांगायचे असते, धावणे कशाला सांगायचे, असे मला वाटले. ही चूक जितकी त्यांची तितकीच माझी होती.

तिचा परिणाम घाटात दिसला. मार्चचा महिना होता. ज्या वळणापर्यंत मी एरवी बोलत बोलत जात असे, तिथे पोचताना पाय मणाचे झाले. श्वास होता, छातीत दुखत नव्हते, पण आतून कोणीतरी लगाम ओढून धरल्यासारखे वाटत होते. घड्याळात नाडीचा आकडा १२६ वर अडकला होता. पूर्वी त्याच चढावर तो १६५ पर्यंत जात असे. बीटा-ब्लॉकर हेच करते : हृदयाची गती वाढू देत नाही. बैठ्या माणसाला ते कळतही नाही. धावणाऱ्याच्या हृदयाला मात्र चढावर रक्त पुरवण्यासाठी वेग वाढवण्यावाचून मार्ग नसतो. माझी विश्रांतीची नाडी मुळात ५२, ती आता ४४ झाली होती. त्यात लघवी वाढवणाऱ्या औषधाने शरीरातले पाणी आणि मीठ आधीच कमी केलेले, आणि वर मार्चचे ऊन. परत येताना पोवई नाक्याजवळ मला कठड्याला धरून बसावे लागले.

त्या रात्री मी ती जोडगोळी एकदम बंद केली. वडिलांनी केले होते तेच मी केले, आणि तेही सगळे माहीत असताना. बीटा-ब्लॉकर असे अचानक सोडायचे नसते. इतके दिवस दाबून ठेवलेले हृदय उसळी घेते, धडधड वाढते आणि रक्तदाब पूर्वीपेक्षाही वर जातो. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी रांगेसमोर उभी असताना मला स्वतःचे ठोके कानात ऐकू येत होते. शिक्षक-खोलीत जाऊन मोजले तर आकडा १७८/१०४ होता. तो आकडा पाहिल्यावर मला वडिलांचा डावा हात आठवला.

मैत्रिणीने पुण्यातल्या एका हृदयरोगतज्ज्ञांचे नाव दिले. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, “मॅडम, आठवड्याला किती किलोमीटर धावता?” दुसरा होता, “घोरता का?” तिसरा, “दुखण्यावर, सर्दीवर, घशावर काय काय घेता, अगदी घरगुती सुद्धा सांगा.”

या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराने मी स्वतःच चकित झाले. गुडघा कुरकुरायचा म्हणून लांब धावण्याच्या दिवशी मी आधीच एक पेनकिलर घेत असे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीची औषधे शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, रक्तदाब वाढवतात आणि बीपीच्या गोळीचे काम निम्मे करून टाकतात. बीपीची काही औषधे, त्यांच्या जोडीला लघवी वाढवणारे औषध आणि वर पेनकिलर, असे तीन एकत्र येऊन उन्हात शरीरातले पाणी कमी झाले तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. बंद नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांतही रक्तवाहिन्या आकसवणारे औषध असते. आणि ज्येष्ठमध! मैदानावर ओरडून माझा घसा कायम बसलेला असतो, म्हणून गेली कित्येक वर्षे मी खिशात ज्येष्ठमधाची काडी ठेवते आणि दिवसभर चघळते. ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिन या घटकामुळे मूत्रपिंडे मीठ राखून ठेवतात आणि पोटॅशियम बाहेर टाकतात. रोज आणि भरपूर चघळले तर रक्तदाब वाढतो, हे वैद्यकात पूर्ण मान्य झालेले आहे. एखाद्या दिवशी काढ्यात घातल्याने काही होत नाही. माझे मात्र ते रोजचे होते.

इलेक्ट्रोलाइटच्या पाण्याचेही तसेच. पाच किलोमीटर धावले तरी मी ओआरएसची अर्धी बाटली संपवायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये जितके सोडियम असते ते सुमारे ४ ग्रॅम मिठाइतके भरते, आणि त्याच संघटनेचे मोठ्या माणसासाठीचे सांगणे दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा असे आहे. जुलाब झालेल्या मुलाला ते अमृत आहे. तासाभराच्या आत संपणाऱ्या धावण्याला साधे पाणी पुरते. दोन-तीन तास भर उन्हात घाम गाळला तर गोष्ट वेगळी, तिथे मीठ लागते आणि बीपी आहे म्हणून ते पूर्ण तोडणेही धोक्याचे असते. पण आपल्यातले बहुतेक जण पाऊण तास धावतात आणि वर लोणचे, पापड, खारे शेंगदाणे हे सगळे ‘घामावाटे जाते’ म्हणून माफ करून टाकतात.

पुण्याच्या या डॉक्टरांनी चोवीस तास दंडावर राहून ठरावीक वेळाने मोजणारे यंत्र लावले, टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, रक्तात क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर, थायरॉईड आणि लघवीत प्रथिने तपासली. चोवीस तासांच्या यंत्राने दाखवलेली गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दहा टक्के किंवा त्याहून जास्त उतरतो, माझा जेमतेम चार टक्के उतरत होता. सकाळी साडेसहाला धावून आल्यानंतरच्या तीन तासांचे आकडे मात्र कागदावर अगदी देखणे होते. माझ्या कॅलेंडरवर तीन महिने तेवढेच तीन तास उतरत होते.

इकोमध्ये हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत किंचित जाड निघाली. नियमित व्यायाम करणाऱ्यांचे हृदय थोडे मोठे आणि भक्कम होते, हे मी मुलांना शिकवत आले आहे, आणि म्हणून मी लगेच म्हणाले की हे धावण्यामुळेच असेल. त्यांनी फरक समजावून सांगितला. धावपटूच्या हृदयात भिंत जाड होते तसा कप्पाही ऐसपैस होतो आणि ठोक्यांच्या मधल्या वेळात ते उत्तम सैलावते. रक्तदाबाशी झुंजणाऱ्या हृदयात भिंत जाड होते, पण कप्पा वाढत नाही आणि सैलावणे मंदावते. माझ्यात दोन्हींची सरमिसळ होती. संशय उरला तर काही आठवडे व्यायाम थांबवून पुन्हा इको करतात. व्यायामाने आलेली जाडी ओसरते, रक्तदाबाची राहते. माझ्या बाबतीत आकडेच इतके स्पष्ट होते की त्याची गरज पडली नाही.

औषध बदलले. बीटा-ब्लॉकर सोडलेच होते. त्याऐवजी टेल्मिसार्टन आणि थोड्या मात्रेत अॅम्लोडिपिन अशी दोन औषधे आली. पहिले ज्या गटातले आहे ती औषधे आणि अॅम्लोडिपिनसारखी रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे नाडीच्या वेगाला आडवी येत नाहीत, म्हणून व्यायाम करणाऱ्यांसाठी सहसा यांचाच विचार आधी होतो. एप्रिलच्या शेवटी त्याच चढावर नाडी पुन्हा १६० पर्यंत गेली, तेव्हा मला खरोखर रडू आले. प्रत्येक औषधाचे काही ना काही असतेच. अॅम्लोडिपिनने संध्याकाळी घोट्यावर मोज्याचा वळ खोल उमटू लागला. मात्रा निम्मी केल्यावर तो गेला. टेल्मिसार्टनबरोबर लो-सोडियम मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय खायचे नाही, कारण त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असते आणि हे औषधही पोटॅशियम राखते. जुलाब-उलट्या होतील त्या दिवशी ही गोळी घ्यायची की थांबवायची, हे आधीच विचारून ठेवले आहे. टेल्मिसार्टनच्या गटातली औषधे गरोदरपणात चालत नाहीत, हे तरुण खेळाडू मुलींनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी कटाक्षाने लक्षात ठेवावे. गोळी सकाळी घ्यावी की रात्री यावर धावणाऱ्यांच्या गटात फार चर्चा चालते. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झटके टाळण्याच्या दृष्टीने दोन्हींत फरक आढळला नाही. जी वेळ चुकत नाही ती खरी. मी रात्री जेवणानंतर घेते.

धावण्याचे नियमही बदलले. वरचा आकडा १६० च्या वर आणि औषधाने अजून आवाक्यात आलेला नाही, अशा दिवसांत शर्यती, जोरदार चढ आणि जड वजने बंद, फक्त चालणे. आकडा २०० किंवा खालचा ११० च्या पलीकडे गेला तर व्यायाम नाहीच, आधी दवाखाना. धावणे संपल्यावर एकदम थांबायचे नाही, दहा मिनिटे चालायचे. पायांत साचलेले रक्त वर चढवायचे काम पोटऱ्यांचे स्नायू करत असतात, आणि रक्तवाहिन्या सैल करणारे औषध चालू असताना ते अचानक थांबले तर डोळ्यांपुढे अंधारी येते. अंतिम रेषेवर पोचून खाली बसणाऱ्यांना मी आता हाताला धरून उठवते. ज्यांना हृदयाच्या इतर कारणासाठी बीटा-ब्लॉकर घ्यावेच लागते त्यांनी नाडीच्या आकड्यावरून वेग ठरवू नये. धावताना वाक्य पुरे बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, ही जुनी खूण जास्त भरवशाची आहे. छातीत दाटणे, श्रम करताना शुद्ध हरपणे, एका बाजूला बधिरपणा, यांपैकी काही झाले तर तिथल्या तिथे थांबावे आणि कोणाला तरी सोबत घेऊन दवाखाना गाठावा.

आता तालमीकडे येते. साताऱ्या-कोल्हापुराच्या मातीत व्यायाम म्हटला की धावण्याआधी जोर, बैठका आणि वजने आठवतात. आमच्या शाळेतून गेलेला एक २१ वर्षांचा मुलगा कुस्ती खेळतो. गेल्या पावसाळ्यात तो मैदानावर भेटला आणि म्हणाला, “बाई, भरतीच्या मेडिकलला बीपी १५४ आलं. मला कसं काय?” मला वडिलांचेच वाक्य नव्या तोंडून ऐकल्यासारखे झाले.

धावताना वरचा आकडा वाढतो, खालचा तसाच राहतो किंवा थोडा उतरतो. दम कोंडून जड वजन रेटताना दोन्ही आकडे एकदम चढतात, कारण आवळलेले स्नायू रक्तवाहिन्या दाबून धरतात आणि छातीतला कोंडलेला दाब त्यात भर घालतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८५ मध्ये शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून हे प्रत्यक्ष मोजले होते. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना सरासरी ३२०/२५० आणि एकाच्या बाबतीत ४८०/३५० इतका दाब नोंदला गेला. हा काही सेकंदांचा भडका असतो आणि निरोगी तरुण तो सोसतो. पण ज्याचा दाब मुळातच जास्त आहे त्याने तो आवाक्यात येईपर्यंत असे वजन टाळलेच पाहिजे. नंतरही हलके वजन, जास्त आवर्तने आणि जोर लावताना श्वास बाहेर सोडणे, हे पथ्य पाळले पाहिजे. वजने वर्ज्य आहेत असा याचा अर्थ नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस मध्यम वजनाचा व्यायाम रक्तदाब उतरवायलाही मदत करतो. एका जागी स्थिर ताण धरण्याचे व्यायाम तर यात पुढे निघाले आहेत. २७० चाचण्यांचा एकत्रित विचार करून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा व्यायामांनी वरचा आकडा सरासरी आठने उतरला. मी स्वतः भिंतीला पाठ लावून, खुर्चीत बसल्यासारखी दोन मिनिटे थांबते, मग दोन मिनिटे विश्रांती, असे चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. श्वास मात्र चालू ठेवायचा.

त्या मुलाचा दंड मी टेपने मोजला. तो ३९ सेंटीमीटर भरला. घरगुती यंत्राबरोबर येणारा नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटीमीटरच्या दंडासाठी असतो. तोच पट्टा पैलवानाच्या दंडाला ताणून बांधला की आकडा खोटाच वर येतो. मोठा पट्टा मागवून मोजले तेव्हा १५४ चे १३८/८६ झाले. म्हणजे अर्धे पट्ट्याचे निघाले आणि अर्धे त्याचे स्वतःचे. व्यायामाआधी तो जी पावडर घेत होता तिच्या डब्यावर कॅफिनचे प्रमाण वाचून ती आधी बंद करायला लावली. खुराकात आणखी काही सुया-गोळ्या आहेत का, हे मी त्याला एकट्याला बाजूला घेऊन स्पष्ट विचारले, कारण शरीर फुगवणारी स्टिरॉइडे रक्तदाब वाढवतात आणि हृदयाची भिंतही जाड करतात. त्याने नाही म्हटले आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण वजनाच्या आदल्या रात्री ‘पाणी काढायची गोळी’ घेणारे दोघे-तिघे तालमीत आहेत, हे त्यानेच सांगितले.

ही गोळी म्हणजे तेच लघवी वाढवणारे औषध. ते वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत सर्व खेळांना आणि सर्व काळ बंदी असलेले आहे, कारण लघवी पातळ झाली की दुसरी द्रव्ये लपतात. २००३ च्या विश्वचषकात शेन वॉर्नला एकही सामना न खेळता दक्षिण आफ्रिकेतून परतावे लागले आणि वर्षभराची बंदी आली, ती अशाच गोळीमुळे. रक्तदाबासाठी खरोखर उपचार घेणाऱ्या स्पर्धकाचीही यातून आपोआप सुटका होत नाही. आपल्याकडे बीपीच्या कितीतरी जोडगोळ्यांत हे औषध मिसळलेले असते आणि डब्यावर नावापुढे एखादे अक्षर वाढलेले असते, एवढाच फरक. दुकानदाराने ‘तेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ म्हणून दिलेली गोळीही घटक वाचल्याशिवाय खेळाडूने तोंडात टाकू नये. आमच्या साताऱ्याच्या आदिती स्वामीने २०२३ मध्ये बर्लिनमध्ये तिरंदाजीचे जागतिक विजेतेपद मिळवल्यापासून माझ्या शाळेतल्या मुलीही धनुष्य मागतात. तिरंदाजी आणि नेमबाजीत बीटा-ब्लॉकर हाताची थरथर कमी करते, म्हणून त्यालाही स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंदी आहे. अशा औषधाला पर्याय नसेल तर उपचारासाठी म्हणून आधी परवानगी मागता येते. आपल्याकडे तो अर्ज नाडाकडे, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे करतात. मात्र बहुतेकांसाठी बंदी नसलेली औषधे उपलब्ध असतात. डॉक्टरांना ‘मी स्पर्धेत खेळतो’ एवढे एक वाक्य सांगायला हवे.

माझी सरासरी आता १२६/७८ आहे. वहीत धावण्याआधीचे आकडे एका रकान्यात आणि नंतरचे दुसऱ्या रकान्यात लिहिते, आणि डॉक्टरांना पहिला रकाना दाखवते. या वर्षी घाट गेल्या वेळेपेक्षा सहा मिनिटे जास्त घेऊन पूर्ण केला. मोठा पट्टा शाळेच्या क्रीडासाहित्याच्या कपाटात, शिट्ट्यांच्या डब्याशेजारी ठेवला आहे. गेल्या सोमवारी तो मुलगा आला तेव्हा त्याला पाच मिनिटे गप्प बसवून मोजले, १२८/८० आले. मी वहीत लिहायला लागले तर तोच म्हणाला, “बाई, हा पहिला दिवस. हा धरायचा नाही.”